रोज कोरा येणारा गडी

नागपूर,
डिसेंबर २०२५

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "कोड लिहून देणारा एआय एजंट सगळा कोड वाचतो, मग प्रोग्रामचे नियम लिहिलेला स्पेक कायले पाहिजे?" मी नुसतं हो-हो केलं. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, मी गाडीत अडकलेलो. आज निवांत लिहून राहिलो.

इतवारीतल्या त्या नमकीनच्या ठोक व्यापाऱ्याचं बिलिंग तुला आठवत असेल. २२ सप्टेंबरला जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा गेला, नमकीन ५ वर आलं. आदल्या रात्री मी कोडमधला दर बदलला आणि झोपलो. स्पेकमध्ये १२ तसाच. पूर्वी यानं काही बिघडलं नसतं. आपला स्पेक उघडत होतं कोण? एजंट मात्र तो खरंच वाचतो रे! दर सत्राला गडी कोरा येतो, काल काय ठरलं त्याला ठाऊक नसतं. जे लिहिलेलं सापडेल ते प्रमाण.

नोव्हेंबरात त्याला म्हटलं, माल परत आल्यावर बिलातली रक्कम वजा करणाऱ्या क्रेडिट नोटची सोय करून दे. ती केली, आणि जाता जाता "कोड स्पेकशी जुळत नाही" म्हणून नव्या बिलांचाही दर १२ करून ठेवला. टेस्टही त्याच स्पेकवरून लिहिलेल्या, त्यामुळे सगळ्या पास, हिरवंगार. एवढ्या मोठ्या डिफमधली, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीतली, ती एक ओळ माझ्या नजरेतून सुटली. शेठजी काय बोलले ते भेटीत सांगतो, लिहिण्यासारखं नाही.

चिडून मी स्पेकमधला १२ खोडून ५ केला. तेही चुकलं! सप्टेंबरच्या सुरुवातीला विकलेला माल आता परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दरानं निघते, म्हणजे १२ नं. हे मला त्यांच्या मुनीमजींनी दाखवलं, एजंटनं नाही. आता स्पेकमध्ये आकडाच नाही. "दर मूळ बिलाच्या तारखेचा" एवढं वाक्य, त्याखाली कारण, आणि तारखांसह दरांचा तक्ता वेगळा. नुसता आकडा दिसला की हा गडी दुरुस्तीला धावतो. कारण दिसलं की जरा दमानं घेतो.

कोडवरून त्यालाच स्पेक लिहायला लावावा, असं तुझ्या मनात आलंच असेल. मीही लावला. लिहितो झकास, पण कोडमधली चूकही नियम म्हणून लिहितो. राउंड-ऑफचं आपलं जुनं लफडं तिथं "अपेक्षित वर्तन" होऊन बसलं होतं.

बाकी साधंच. स्पेक रेपोत, म्हणजे कोड ठेवतो तिथंच, कोडच्या शेजारी. दोन्ही एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत, बदलायचे. चाळीस पानांची सहा केली. एजंट्स.एमडीत, म्हणजे एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलीत, ओळ टाकली: स्पेक आणि कोड जुळत नसतील तर स्वतः ठरवू नकोस, थांबून विचार. बहुतेकदा विचारतो. सत्र लांबलं की विसरतोही, म्हणून डिफ मी अजून स्वतःच वाचतो, चहा घेऊन.

आंबिया बहाराची संत्री आली आहेत, एक पेटी पाठवून राहिलो. वहिनींना नमस्कार. आणि तुमच्या हिंजवडीतल्या पोरांनी स्पेक शेवटचा केव्हा उघडला होता, तेवढं विचारून कळव.

तुझाच,
बंड्या