‘थ्री प्लस’ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाठीतल्या अमुक प्रथिनावरून आता कॅन्सरची स्टेज कळणार, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत गेली. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कापायचे, स्लाइडी रंगवायच्या. अशी बातमी आली की चार दिवसांत कुणीतरी रिपोर्ट घेऊन खिडकीशी यायचे आणि ‘हर-टू : ३+’ या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, “म्हणजे तिसरी स्टेज ना हो, मॅडम?”

तसे नसते. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचे प्रथिन. त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी आम्ही स्लाइडवर घालतो, मग ‘डॅब’ नावाचे रसायन. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग धरतो, बाकीची केंद्रके निळी राहतात. स्तनाच्या गाठीत दहा टक्क्यांहून जास्त पेशींची कड सगळीकडून गडद रंगली, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली, की ३+. रंग फिका पण कड पूर्ण असेल तर २+, आणि मग ‘फिश’ तपासणीशिवाय, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजल्याशिवाय, पुढे जाता येत नाही. हा आकडा सांगतो तो औषधाबद्दल. हर-टूवरच नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये आले, तेव्हापासून या आकड्याला खरे वजन आले. स्टेज ठरते ती गाठ केवढी, काखेतल्या लसिका गाठींत शिरली का आणि दूर कुठे पोहोचली का, यावर. सेंटीमीटरभर गाठीतही ३+ येतो, आणि हर-टू शून्य असलेला कॅन्सर हाडांत पोहोचलेला असू शकतो.

आता यातली गंमत. अमेरिकेतल्या ‘एजेसीसी’ या संस्थेच्या स्टेजिंग-नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ पासून, स्तनाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना गाठीच्या मापाबरोबर ग्रेड (पेशी मूळ रूपापासून किती बिघडल्या), ईआर, पीआर (पेशीतले हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू हेही धरतात. ईआर, पीआर आणि हर-टू हे तिन्ही मार्कर, म्हणजे खुणेची प्रथिने, पॉझिटिव्ह असले तर काही रुग्णांची स्टेज उलट खाली येते, तिन्ही निगेटिव्ह असले तर वर जाऊ शकते. ३+ बघून धसका घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

संशोधन खोटे असते असे मला म्हणायचे नाही. पुढच्या स्टेजच्या गाठींत एखादे प्रथिन सरासरीने जास्त सापडते, हे खरे असू शकते. पण सरासरी गटाची असते. पहिल्या आणि तिसऱ्या स्टेजचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या रुग्णाचा आकडा पाहून स्टेज सांगणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. केआय-६७ चेच घ्या. किती पेशी वाढीच्या चक्रात आहेत, ते हा मार्कर दाखवतो. रिपोर्टात ४० टक्के दिसले की घरचे समजतात, कॅन्सर ४० टक्के पसरला! शिवाय स्लाइडचा कोणता भाग मोजला यावर एकाच गाठीचे दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळे आकडे देतात, आणि त्यात दोघांपैकी कुणाचीच चूक नसते.

आणखी एक गोष्ट बातमीत कधीच नसते. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, पडायला हवा आणि त्यात किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवा. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सलाइनमध्ये बुडवून सोमवारी पाठवणारेही होते. अशा तुकड्यात ईआर असूनही दिसेनासा होतो, मग हार्मोनची गोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, सगळाच घोळ. मार्करवर विश्वास ठेवायचा तर आधी त्या डबीत काय ओतले होते ते विचारावे.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना गाठ कोणत्या अवयवाची, रुग्ण किती तपासले आणि दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष मिळाला का, हे दोन ओळींत द्यावे. आणि वाचकहो, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात स्टेज शोधायचीच असेल तर ‘पीटी’ (गाठ केवढी) आणि ‘पीएन’ (लसिका गाठींत शिरली का) लिहिलेली ओळ बघा. तीही अर्धीच. दूर पसरला आहे की नाही याचे उत्तर बहुतेक वेळा आमच्या स्लाइडवर नसते, ते स्कॅनमध्ये असते, आणि दोन्ही कागद समोर ठेवून स्टेज सांगायची ती तुमच्या डॉक्टरांनी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ