मा. परिवहन मंत्री यांस खुले पत्र : पंपावर रांग लागण्याआधी

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालक संपावर गेले आणि मुंबईच्या पंपांवर रांगा लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या केंद्रात गॅस पोहोचेना आणि रिक्षा-टॅक्सी सीएनजीसाठी तासन्‌तास खोळंबल्या. माहुलला दोन रिफायनऱ्या असलेल्या शहराची ही गत. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. तेच अडले तर काय करायचे, हे आत्ता, रांग नसताना ठरवावे अशी आमची विनंती आहे. आमचे उत्तर दोन गोष्टींत आहे : घरून काम, आणि उरलेल्या दिवशी छोटी जुनी गाडी.

आधी हिशेब. मुलुंडहून बीकेसीला जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरा, आठवड्याचे २००. मोठी एसयूव्ही आपल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ९ किलोमीटर देत असेल तर २२ लिटर जातात. नीट लावलेली ७९६ सीसीची मारुती ८०० सोळा देते, म्हणजे साडेबारा लिटर. तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस मारुती, असे केले तर ५ लिटर. एसयूव्ही तीच ठेवून तीन दिवस नुसते घरून काम केले तरी २२ चे ९ लिटर होतात, म्हणजे मोठा वाटा घरून कामाचा आहे, गाडीचा नाही, हे आम्ही जुन्या गाड्यांवर जीव असूनही सांगतो. आपल्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी तर १०८९ सीसीची, वजन ९०० किलोच्या घरात. शहरात दहा-बारा देते. रोज दामटायची ती गाडी नव्हे. पण आठवड्यातून दोनदा, चार माणसे बसवून, गल्लीतला मेकॅनिक दुरुस्त करू शकेल अशी गाडी म्हणून तिला तोड नाही.

अशी गाडी पेट्रोल खायला लागते त्याची कारणे ठरलेली आहेत. थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल वाढवणाऱ्या चोकची केबल अडकून चोक पूर्ण परत जात नाही. पेट्रोल आत येणे रोखणारी फ्लोटची नीडल झिजते, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून ते ओसंडते आणि बॉनेट उघडताच वास येतो. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणि प्लगचा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे हवा, तो अंदाजाने ठेवला की ठिणगी चुकते (मिसफायर) आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते. ब्रेक चिकटत असेल तर दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, एखादे चटका देईल. सर्वांत वाईट सवय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून टाकण्याची. गाडी गरम होते म्हणून मेकॅनिक तो काढतात, मग इंजिन पुरेसे तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जाते. खरा दोष बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये असतो. तो साफ करून थर्मोस्टॅट परत बसवावा.

घरून काम सुरू झाले की गाडी उभी राहते, आणि इथे दुसरा प्रश्न येतो. आज पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते, आणि पाइप नेमका तळातूनच ओढतो. जुने रबर फुगते, गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) कडक होतो, टाकीतला वर्षांचा गाळ सुटून फिल्टर चोंदतो. शिवाय लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी, आणि इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ होऊन गाडी झटके मारते. उपाय असा : इथेनॉल सोसणारा रबर पाइप आणि डायफ्राम घाला, पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पुळी, एक नंबर मोठा विकत घ्या. जेट तारेने खरवडू नये, भोक अंडाकृती होते आणि मग ट्यूनिंग कधीच बसत नाही. आठवड्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर पंपाकडून येणारा पाइप काढून, त्याचे तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटर रिकामा होतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. हँडब्रेक न ओढता चाकाला लाकडी ठोकळा लावा. आणि कृपा करून इमारतीखाली प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल कोणी साठवू नये.

आता आपल्याकडून काय हवे ते. टंचाईची चाहूल लागताच घरून कामाचा आदेश आदल्या दुपारी निघावा. सगळे सोमवारी आणि शुक्रवारीच घरी बसले तर मधले तीन दिवस लोकल आणि रस्ते तसेच तुंबतील. म्हणून नरिमन पॉइंट, बीकेसी, अंधेरी यांचे वार वेगवेगळे ठरवावेत. सुरुवात मंत्रालयापासून व्हावी. नर्स, दुकानातले कामगार, डिलिव्हरीवाले यांना घरून काम नाही. आपण वाचवलेले पेट्रोल आणि बसमधली जागा त्यांच्यासाठी आहे.

इथेनॉल नसलेले पेट्रोल शहरातल्या निदान चार-पाच पंपांवर मिळावे, यासाठी केंद्राकडे राज्याने आग्रह धरावा.

तिसरी गोष्ट नोंदणीची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या कारला त्याचे १०,००० रुपये पडतात. व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांची लागते, शिवाय ती नेहमीच्या वापरात आणता येत नाही. या दोहोंमध्ये मर्यादित किलोमीटरचा एक वर्ग हवा : ओडोमीटर दरवर्षी तपासावे, मर्यादा ओलांडली तर पूर्ण शुल्क घ्यावे. हे नियम केंद्राचे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे, पण प्रस्ताव राज्याकडून जाऊ शकतो.

यातल्या बऱ्याच गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नाही, प्रति किलोमीटर धूर जास्त असतो, म्हणून फुकटची सवलत आम्ही मागत नाही. पीयूसीमध्ये अशा जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. या नव्या वर्गासाठी ती २ टक्के करा. कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर गाडी त्यात बसते, आणि बसली नाही तर ती रस्त्यावर येऊ नये.

आपले,
मुंबईतील छोट्या जुन्या गाड्यांचे काही मालक आणि मेकॅनिक