सूचना : शिवारातून ओढ्यात उतरणाऱ्या खताच्या पाण्याबाबत

पाणीवापर संस्थेच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, वळीव सुरू झाले असून ‘सुरू’ उसाच्या (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) मोठ्या बांधणीचे, म्हणजे बुंध्याला माती चढवतानाचे, खत देण्याचे दिवसही हेच आहेत. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते; तो जमिनीवर नुसता फेकला आणि पाठोपाठ मोठी सर आली, तर त्यातील बराच भाग ओढ्यामार्गे कृष्णेत जातो, आणि सांगली-मिरजेचे लोक पिण्याचे पाणी याच नदीतून उचलतात. खतातील स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून वाहते व जलपर्णीला पोसते. नत्राचे मातीत नायट्रेट बनते; पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळांना घातक ठरते, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, हे विहिरीचे पाणी पिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

म्हणून खत पावसाचा अंदाज पाहून, हप्त्याहप्त्याने आणि मातीआडच द्यावे. ठिबक असल्यास विद्राव्य खत त्यातूनच सोडावे. पाचट जाळू नये, सरीत पसरावे. फवारणीचे पंप ओढ्यात धुणे तर पूर्णपणे बंद करावे.

ओढ्याकाठी नांगर न घालता गवताचा पट्टा राखावा. काठची सरी सोडणे जिवावर येते, हे समिती जाणते; परंतु उघडा काठ पुरात तुटला की ती सरी तशीही जाते. नेपियर गवताचे ठोंब हवे असणाऱ्यांनी सचिवांकडे नाव नोंदवावे.