मे महिन्यात निघतेय

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "बघू" म्हणून आंघोळीला जातात. म्हणून लिहितेय. थायलंडमधल्या खोन केनच्या शाळेला, इंग्रजी शिकवायला येते म्हणून, मी होकार कळवलाय. मे महिन्यात निघेन, मार्चअखेर परत येईन. तिथलं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, म्हणजे म्हणायला वर्ष, पण खरे दहा-साडेदहा महिनेच.

घाईत ठरवलेलं नाही. पोलिसांचा दाखला, पदवीच्या कागदांवर मंत्रालयाचे शिक्के, मग दिल्लीचे, यात सगळा हिवाळा गेला. मागे फिरायला पुष्कळ वाव होता. फिरावंसं वाटलं नाही.

बाबा, २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशीचा धडा माझ्यावर घोकून बघायचात. मी पाटावर बसून "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचे आणि तुम्ही मला खरंच विद्यार्थ्यासारखी शाबासकी द्यायचात. घरात ज्यांच्या कानावर इंग्रजीचा शब्द पडत नाही, अशाच मुलांना मला शिकवायचंय. इथल्या शाळेत तशी मुलं माझ्या वाट्याला येत नाहीत. खोन केनला येतील.

आई, तुला हे आवडेल. जूनमधल्या एका गुरुवारी तिथली मुलं शिक्षकांना वंदन करतात, 'वाय ख्रू' म्हणतात त्याला. मुलं तबकात दूर्वा आणतात, आपल्या कुंपणाला आहेत तसली एक्झोराची लाल फुलं आणतात आणि वांग्याचं फूलसुद्धा, कारण ते मान खाली घालून असतं. दूर्वा निवडायला तूच शिकवलंस मला.

जेवणाची काळजी नको. भात आहे, मासे आहेत, भात जरा चिकट असतो एवढंच. खोली शाळा देतेय, चालत जाण्याच्या अंतरावर. मुंबईहून बँकॉक साडेचार तास, पुढे तासाभराचं विमान. आपल्याला चिपळूणहून मुंबई गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. घड्याळ फक्त दीड तास पुढे. तुमची सातची दिवेलागण झाली की माझे साडेआठ, रोज तेव्हाच फोन करेन. ऑक्टोबरात सुट्टी आहे, तेव्हा येईन. दिवाळी सापडेलच असं नाही, पण फराळ मात्र आधी करायचा.

मला खरी धास्ती पावसाची आहे. जुलै २०२१चा पूर विसरता येत नाही. तेव्हा बाबा, यंदा कपाट वाचवत बसायचं नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारात आलं असं कळलं की त्याच क्षणी मामाकडे वर जायचं, रात्र असली तरी. कागदपत्रांची पिशवी मी वरच्या फळीवर ठेवून जाणार आहे. कौलं मी असतानाच शाकारून घेऊ.

गोळ्यांची डबी दर रविवारी आईने भरायची, बाबांनी नाही. "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जायचं म्हणजे जायचं, दादा सुट्टी काढून येणार आहे, त्याला मी सांगितलंय. तुमच्यामुळे मी अडकले असं कधीच वाटलं नाही मला, हेही मनात आणू नका.

लोणचं द्यायचंच असेल तर लहान बरणी दे, आई. आणि बाबांच्या साखरेचा रिपोर्ट मी निघायच्या आत हवाय, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही.

तुमची,
बाय