बंड्या, बोलिंगचा बॉल घेण्याआधी हे वाच

दादर, मुंबई
१२ जुलै

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा मेसेज वाचला आणि लगेच फोन लावणार होतो. मग वाटलं, फोनवर बोललेलं दुकानात उभं राहिल्यावर आठवत नाही, लिहूनच पाठवतो. जरा लांबण लागेल, पण पैसे मोजण्याआधी शेवटपर्यंत वाच.

तू विचारलंयस, "बोलिंगच्या स्पर्धेत पिनांपर्यंतच्या लेनवर भरपूर तेल लावतात, त्यासाठी सगळ्यात स्ट्राँग, म्हणजे सगळ्यात जास्त वळणारा बॉल कोणता ते सांग, तोच उचलतो." बंड्या, तू सगळ्यात स्ट्राँग बॉल घेऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. तुला तुझ्या हाताचा बॉल हवा, आणि त्याचा पृष्ठभाग त्या दिवशीच्या तेलाप्रमाणे घासलेला हवा. गेल्या वर्षी मी ही गोष्ट फार महागात शिकलो. तू पुण्याला होतास, म्हणून तुला नीट सांगितलीच नाही.

मी तेव्हा तो निळा पर्ल बॉल घेतला होता. काचेच्या गोटीसारखा चकचकीत. दुकानदार म्हणाला, "साहेब, तेलासाठी यापेक्षा भारी काही नाही." दोन महिने मी मॉलमधल्या लेनवर सराव केला, आणि काय वळत होता! आठव्या बोर्डावरून, म्हणजे लेनच्या आठव्या पट्टीवरून आत येऊन थेट पॉकेटमध्ये, एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत. मग स्पर्धेचा दिवस उजाडला. सकाळी आठचा स्क्वॉड (खेळाडूंचा गट), तेलाचं मशीन नुकतंच फिरलेलं, लेन धुतलेल्या फरशीसारखी चमकत होती. पहिला बॉल टाकला तो सरळ गेला. म्हटलं, हात चुकला. दुसरा टाकला, तोही सरळ. पॉकेटच्या उजवीकडून तीन नंबरच्या पिनला घासून पार, मागे दोन नंबर आणि चार नंबर तशाच उभ्या. तीन गेम झाले: १२४, १३१, ११९. परतीच्या लोकलमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दोन महिन्यांची मेहनत होती रे.

रात्री बसून विचार केला तेव्हा कळलं की दोष हाताचा नव्हता. आपण मुंबईत सराव करतो तो बहुतेक कोरड्या लेनवर. दिवसभर पोराबाळांचे वाढदिवस, ऑफिसच्या पार्ट्या, तिथलेच सगळ्यांसाठी ठेवलेले जड प्लॅस्टिकचे बॉल. तेल पुसून जातं आणि लगेच नवीन पडत नाही. अशा लेनवर कुठलाही रिअॅक्टिव्ह, म्हणजे रेझिनच्या कव्हरचा बॉल वळतो. तिथे पाहून बॉल निवडायचा म्हणजे उन्हाळ्यात रेनकोट पारखण्यासारखं आहे.

तेल म्हणजे तरी किती? स्पर्धेच्या एका लेनवर २५ ते ३० मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाच्या तीन टोप्या. फाऊल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेघेपासून, पहिली पिन ६० फुटांवर, आणि हे तेल पहिल्या ४० ते ४७ फुटांवर इतकं पातळ पसरलेलं असतं की डोळ्याला नुसती चमक दिसते. पण बॉलला ते पुरतं. तेलात तो घसरतो, तेल संपलं की जमीन पकडतो, वळतो आणि मग गडगडत पिनांवर जातो. तेल लांब असेल तर वळायला जागाच उरत नाही. पॉकेटमध्ये साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे दहाही पिना एकदम पडण्याची शक्यता वाढते; घसरत सरळ आला तर पिनांवर आपटून बाजूला ढकलला जातो आणि पाच नंबरची पिन तुझ्याकडे बघत उभी राहते. ती पाच नंबरची पिन वारंवार उभी राहायला लागली की समज, बॉल पुरेसा वळत नाहीये.

आता बॉलकडे येतो. सगळ्यात आधी वरचं कव्हर. प्लॅस्टिक तेलात जवळपास वळतच नाही, तो फक्त स्पेअरसाठी, उरलेल्या पिना पाडायला ठेव. युरेथेन मऊ, सावकाश वळतो, पण खूप तेल असेल तर तोही कमी पडतो. उरला रिअॅक्टिव्ह. त्यात पर्ल, सॉलिड आणि दोन्हींचं मिश्रण म्हणजे हायब्रिड. पर्ल कोरड्यात जाऊन मगच झटकन वळतो, माझं तेच झालं. तेल इतकं लांब होतं की कोरडं लागेपर्यंत पिना आल्या. तुला सॉलिड हवा. त्याचा पृष्ठभाग तेल शोषतो आणि तेलातही लेन धरतो. एवढं एक पक्कं लक्षात ठेव, बाकी सगळं त्यानंतर.

पण कव्हर जितकं महत्त्वाचं तितकाच त्याचा खरखरीतपणा, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. बॉल बॉक्समधून ज्या ग्रिटला, म्हणजे खरखरीतपणाच्या आकड्याला येतो, तो फक्त सुरुवातीचा असतो. ५००चा घासायचा पॅड खूप खरखरीत, ४०००चा जवळपास गुळगुळीत. आकडा लहान तितकी तेलातली पकड जास्त. मी स्पर्धेच्या आदल्या रात्री बाल्कनीत बसतो. बादलीत पाणी, खाली गुंडाळलेला जुना टॉवेल म्हणजे बॉल गडगडत नाही, आणि २०००चा पॅड ओला करून सहा बाजूंनी गोल गोल घासायचा. सगळीकडे सारखाच वेळ, सारखाच दाब. पॅडखालून राखेच्या रंगाचं पाणी निघतं, बोटांच्या पेरांत बसतं. पुसून वाळवला की बॉल शाळेतल्या पाटीसारखा मंद काळा दिसतो. नख ओढलं तर किंचित अडकतं. हा अडकणारा स्पर्शच तेलात कामाला येतो. पाच-सहा गेममध्ये ती धार बोथट होते, मग पुन्हा घासायचा. मात्र स्पर्धा सुरू झाली की पॅड लावता येत नाही, म्हणून आधीच ठरवायचं. मी स्पर्धेच्या दिवसासाठी २०००वर जातो, फारच तेल असेल तर १०००वर. सरावाच्या कोरड्या लेनसाठी तोच बॉल ४०००वर आणतो. एकाच बॉलमध्ये दोन बॉल मिळतात.

कोअरबद्दल, म्हणजे बॉलच्या आतल्या गाभ्याबद्दल तू एवढी चौकशी केलीयस, पण मला त्याचं कौतुक थोडं कमी आहे. दोन आकडे बघ. आरजी म्हणजे बॉल किती लवकर गडगडायला लागतो. नियमात तो २.४६ ते २.८० बसतो, तुला खालच्या टोकाचा हवा. डिफरन्शियल म्हणजे फ्लेअर किती, कमाल ०.०६०, तुला ०.०५०च्या आसपास. फ्लेअर म्हणजे काय ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बॉल परत आला की टॉवेल लावण्याआधी ट्यूबलाइटखाली धर. तेलाच्या बारीक रेघा दिसतील, एकमेकींना खेटून पण एकमेकींवर न चढलेल्या, आणि दोन ठिकाणी सगळ्या एकत्र येऊन गाठ मारल्यासारख्या. प्रत्येक फेरीला बॉल नव्या, कोरड्या कातडीवर चाललाय याचा तो पुरावा. रेघा एकावर एक पडत असतील तर बॉल आपल्याच तेलात पुन्हा पुन्हा लोळतोय. तेल जास्त असताना ते परवडत नाही.

आणि आता तुझा हात. बंड्या, तू जोरात टाकतोस. लहानपणापासून तसाच, क्रिकेटमध्येही फिरकीपेक्षा तुला वेगच आवडायचा. अंगठा घालून टाकतोस, रिव्ह्स (बॉलच्या गिरक्या) बेताच्या. जेसन बेलमाँटेसारखा दोन्ही हातांनी टाकणारा बॉलला इतकं फिरवतो की त्याला तेलातही वळायला जागा मिळते. तुझा बॉल तेवढा वेळच लेनवर नसतो. म्हणून तुला खरंच स्ट्राँग सॉलिड हवा, यात शंका नाही. पण असिमेट्रिक, म्हणजे असमान आकाराच्या कोअरचा तो टोकाचा बॉल, जो तू स्क्रीनशॉट पाठवला होतास, तो नको. तो शेवटी झटक्यात वळतो. सपाट पॅटर्नवर, म्हणजे लेनभर तेल जवळपास सारखं असताना, दोन बोर्ड चुकलं की दर वेळी वेगळाच निकाल देईल आणि तू स्वतःवरच चिडशील. सिमेट्रिक घे, वळण गोलसर आणि एकसारखं मिळेल. माझ्या मनात स्टॉर्मचा फेझ टू आहे, १५ पौंडाचा: आरजी २.४८, डिफरन्शियल ०.०५१, बॉक्समधून ३०००वर येतो. २०१६ पासून बाजारात आहे आणि तेवढा काळ टिकलाय, याचं मला जास्त वजन वाटतं. नाही मिळाला तर त्याच आकड्यांचा दुसरा चालेल, नावाच्या मागे धावू नकोस. वजन मात्र १४वर उतरवू नकोस. तुला १५ झेपतो, मी पाहिलंय.

ड्रिलिंगचं थोडक्यात सांगतो. बॉलवरची कोअरची खूण (तिलाही पिनच म्हणतात) तुझ्या पीएपीपासून, म्हणजे बॉल ज्या अक्षावर फिरतो त्याच्या टोकापासून, ३ ते साडेतीन इंचांवर ठेवली तर सिमेट्रिक बॉलला भरपूर फ्लेअर मिळतो. नेमकं अंतर ड्रिल करणाऱ्याला ठरवू दे, पण हे त्याला विचार. तू विचारलेलं जास्तीचं भोक, पूर्वी वजन साधायला पाडायचे ते, १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची संस्था) नियमात बंद आहे. तसा जुना बॉल कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नकोस.

पॅटर्नची, म्हणजे लेनवरच्या तेलाची लांबी कळली की एक जुना हिशोब करत जा: लांबीतून ३१ वजा कर. ४५ फुटांचं तेल असेल तर १४वा बोर्ड, तिथून बॉल वळायला लागला पाहिजे. म्हणजे तुझी नेहमीची आठव्या बोर्डाची बाहेरची रेघ त्या दिवशी विसर. आत सरक. मी गेल्या वर्षी तिथेच हटून बसलो होतो. आणि तिसऱ्या गेमनंतर तेल हलतं, मधली वाट सुकायला लागते. तेव्हा स्ट्राँग बॉल लवकरच गडगडून दमतो आणि दहा नंबरची पिन सोडतो. तेव्हा त्याला बॅगेत ठेवून कमी वळणारा बाहेर काढायचा. म्हणून स्पर्धेला दोन बॉल आण, एक सॉलिड आणि तुझा तो प्लॅस्टिकचा. तिसऱ्यासाठी माझा पर्ल तुला देतो. आपला स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर, जवळपास सारखाच आहे, ग्रिप थोडी बदलून चालेल.

आता जपणुकीचं, आणि याबद्दल मी तुझ्यावर थोडा रागावणार आहे. तुझा मागचा बॉल दीड वर्षात मेला, तो का? तेल प्यायला आणि तू कधी काढलंच नाहीस. रिअॅक्टिव्ह बॉल तेल शोषतो, म्हणूनच तर तो वळतो. प्रत्येक वेळी टाकल्यानंतर कोरड्या टॉवेलने पुसायचा. स्पर्धेत २०१९ पासून कोरडा टॉवेलच चालतो, क्लीनर नाही. क्लीनर घरी, खेळ संपल्या संपल्या, बॉल अजून गरम असताना. पन्नासेक गेमनंतर मी बोटांची भोकं टेपने बंद करतो आणि बॉल बादलीतल्या गरम पाण्यात ठेवतो, हाताला सोसेल इतक्याच गरम. साबणाचे दोन थेंब. वीस मिनिटांनी पाण्यावर वरणावरच्या तुपासारखे थेंब तरंगायला लागतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी आईला हाक मारून दाखवले होते. तेल निघालं की पुन्हा घासायचा, आणि बॉल अगदी नवीन दिवसासारखा लेन धरतो. गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नकोस, पुण्याच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. तापून तडा जातो.

बॉल घेऊन लोकलने येणार असलास तर एक सांगतो. वरच्या रॅकवर बॅग ठेवू नकोस. ७ किलोचा गोळा कुणाच्या डोक्यावर पडला तर काय होईल. दोन पायांमध्ये ठेव. आणि बूट वेगळ्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. या पावसात सरकणाऱ्या तळव्याला एक थेंब पाणी लागलं की पाय जागीच अडकतो आणि माणूस फाऊल लाइनवर तोंडावर पडतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलाचा गुडघा असाच गेला, मी बाजूच्याच लेनवर होतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. तुझा जुना बॉल न विसरता आण, त्यावरून तुझा स्पॅन आणि रेघा बघतो. अंगठ्याला लावतोस ती टेपही आण. दुपारी लोअर परळला जाऊ. मी मॅनेजरला विनंती केलीय, मशीन चालवून दोन लेनला ताजं तेल देणार आहे, एक तास. तिथे तुझा जुना आणि माझा पर्ल, दोन्ही बॉल टाकून बघ आणि मगच ऑर्डर दे. आईने तुझ्यासाठी घावन ठरवलेत, ओला नारळ परवाच आणून ठेवलाय.

तुझाच,
पक्या