नोंद होईपर्यंत: फाटकावरच्या मामांस आभारपत्र

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

माझे पत्र येईल असे तुमच्या ध्यानीमनीही नसेल. तुमची नात ते तुम्हांला वाचून दाखवील, आणि वाचताना ती मध्येच हसली तर तिला रागावू नका. आपल्या आजोबांनी एका मुनिमाची सिगारेट सोडवली, आणि तीही नुसते सावकाश लिहून, हे तिला खरे वाटणार नाही. पत्र मुद्दाम उघडपणे लिहितो आहे. फाटकावर काडीपेटी जमा करून आत येणारी आणि तासाभरात ती परत मागायला येणारी माणसे आपल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, अजून आहेत, मानवत, सेलू, परभणी या पट्ट्यातल्या इतर जिनिंगमध्येही आहेत, आणि त्यांच्या कानावर तुमची युक्ती जायला हवी.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेले नाही त्यांना फाटकाचे एवढे महत्त्व का, हे कळणार नाही. कापसातून सरकी वेगळी झाली की उरलेली रूई ठिणगीचीच वाट पाहत बसलेली असते, आणि ठिणगी दाबाखाली जाऊन गाठीत बांधली गेली तर सुमारे १७० किलोची ती गाठ बाहेरून थंड दिसत आतल्या आत कित्येक दिवस धुमसू शकते. म्हणून काडीपेटी, लायटर, बिडीचे बंडल, सारे काही फाटकावरच्या तुमच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा करायचे, आणि बाहेर पाऊल टाकायचे तर वहीत नाव, वेळ व कारण लिहून जायचे, हा नियम. बारा वर्षे माझा निळा लायटर त्या डब्यात रोज पडत होता आणि दिवसातून आठ-नऊ वेळा बाहेर निघत होता.

सिगारेट सोडण्याचे कारण सांगत बसत नाही. ते बहुतेकांचे सारखेच असते आणि ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. गेल्या वर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी लायटर डब्यात टाकताना मी म्हणालो, "मामा, आता हा परत मागणार नाही." तुम्ही "बरं" एवढेच म्हणालात. असली वाक्ये तुम्ही त्या फाटकावर पुष्कळ ऐकली असणार.

तिसऱ्या दिवशीची दुपार मात्र मला जशीच्या तशी आठवते. निकोटीन बंद झाल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. त्या दुपारी मला एवढेच कळत होते की वजनकाट्यावरचा प्रत्येक माणूस मुद्दाम मोठ्याने बोलतो आहे. एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीतल्या कापसाच्या ओलाव्यावरून वाद लागला, तो चिडला, मी त्याच्याहून अधिक चिडलो (चूक माझीच होती, मी आकडा घाईत वाचला होता), आणि त्याची पट्टी (वजनाच्या हिशोबाची चिठ्ठी) अर्धवट टाकून मी तडक फाटकाकडे निघालो. समोर टपरी दिसत होती. खिशात पैसे होते. मनाचा निर्णय काट्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेतच होऊन गेला होता.

तुम्ही खुर्चीवरून उठलात, दिंडीच्या, म्हणजे फाटकातल्या लहान दाराच्या, कडीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "मुनीमजी, काहून पळायलात? नोंद तर होऊ द्या." मग तुम्ही चष्मा शोधू लागलात. तो तुमच्या कपाळावरच होता. चष्मा सापडल्यावर पेन सापडेना, पेन सापडले तर ते उठेना. तुम्ही ते तळहातावर चार वेळा घासलेत. तारीख पानाच्या माथ्यावर लिहिलेली असूनही ती मला विचारलीत. माझे आडनाव बारा वर्षांत हजारो वेळा लिहिलेले असताना त्यातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, असा प्रश्न तुम्हांला पडला. भिंतीवरचे घड्याळ आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ यांत चार मिनिटांचा फरक निघाला, तेव्हा "आता कोणचं धरायचं?" म्हणून तुम्ही गंभीरपणे दोन्हींकडे पाहत राहिलात. मी आतून उकळत होतो. शेवटी तुम्ही कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलेत आणि मान वर न करता विचारलेत, "काय लिहू?"

इतकी वर्षे तुम्ही न विचारताच तिथे "बाहेर" असे लिहीत आला होता. त्या दिवशी विचारलेत, आणि मला "सिगारेट" हा शब्द काही केल्या उच्चारता येईना. मी म्हणालो, "काही नाही." तुम्ही त्या रकान्यात "काही नाही" असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेत, वही मिटलीत आणि कडीवरचा हात काढलात. दिंडी आता उघडी होती. परंतु छातीत जे दाटून आले होते ते तोवर ओसरले होते, आणि मी परत जाऊन त्या शेतकऱ्याची पट्टी नीट केली.

त्या रात्री मी पहिल्यांदा १८००-११-२३५६ हा क्रमांक शोधून काढला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा हा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवर छापला जातो, पण मी पडलो सुटी सिगारेट घेणारा. इशाऱ्याचे चित्र आणि हा क्रमांक ही दोन्ही टपरीवाल्याच्या हातात राहत आणि माझ्या हातात फक्त सिगारेट येई. सुट्या विक्रीवर राज्याने २०२० मध्ये बंदी घातली त्यामागे हेच कारण होते, हे आता पटते. आपल्या फाटकासमोर ती बंदी किती पोहोचली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. फोनवरच्या समुपदेशकांनी सांगितले की तलफ लाटेसारखी चढते आणि तिच्या नादी लागले नाही तर बहुधा काही मिनिटांतच उतरते. तेवढा वेळ काढावा, दीर्घ श्वास घ्यावा, घोट घोट पाणी प्यावे, हाताला दुसरे काम द्यावे. मी फोनवर हसलो, कारण वेळ कसा काढतात याचे प्रात्यक्षिक त्याच दुपारी मला मिळाले होते.

तरीही तुमचे ते वागणे वयाचे आणि मंद नजरेचे असावे, असेच मी दिवाळीपर्यंत समजत होतो. मग एका संध्याकाळी सरकीचा ट्रक बाहेर निघाला. मी काट्यावरून पाहत होतो. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, पोत्यांची संख्या, वेळ, सही, सगळे तुम्ही अर्ध्या मिनिटात, चष्मा न लावता, उभ्या उभ्या लिहून टाकलेत. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फाटकाशी आलो, तेव्हा तुमचे पेन पुन्हा उठेनासे झाले होते.

मामा, उपदेश मला पुष्कळांनी केला. घरच्यांनी केला, मालकांनी केला, स्वतः बिडी ओढणाऱ्यांनीही केला. उपदेश ऐकताना माणूस उत्तर शोधत असतो आणि ते उत्तर बहुतेक वेळा टपरीवरच सापडते. तुम्ही मला उत्तर देण्याजोगे काही बोललाच नाहीत. फाटक बंद आहे असेही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणाला असता तर हट्टाने मी भिंतीवरून उडी मारली असती, एवढा मी स्वतःला ओळखतो.

नंतर तुम्ही मागच्या हंगामाची वही काढून माझ्यासमोर ठेवलीत, हा तुमचा दुसरा उपकार. माझी तलफ कधी येते ते मला सांगता आले नसते, तुमच्या वहीने ते घड्याळासकट सांगितले: सकाळच्या चहानंतर, चारच्या चहानंतर, पट्ट्या वाटून झाल्यावर, आणि मालकांचा फोन आला की हमखास. पगारवाटपाच्या दिवशी अकरा नोंदी होत्या. ते पाहून मी आधी चहा निम्म्यावर आणला. डॉक्टरांनीही तेच सांगितले होते आणि कारणही समजावले होते: सिगारेटच्या धुरामुळे शरीर चहातले कॅफिन एरवीपेक्षा लवकर निकालात काढते, धूर थांबला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहते, आणि मग हातांना कंप, छातीत धडधड, उडालेली झोप यांचे खापर माणूस सिगारेट सोडण्यावर फोडतो. दिवसाला दहा कप चहा पिणाऱ्या आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गमही दिला होता. तो थोडा चावून, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवायचा असतो. मी तो लहान मुलासारखा चघळत बसलो आणि पुढचा अर्धा तास उचक्या देत वजने पुकारली. "चौदा क्विंटल" नंतर उचकी आली की पुढचे किलो कोणालाच ऐकू जात नव्हते. तुम्ही तेव्हा फाटकावरून पाण्याचा तांब्या पाठवलात आणि सोबत मूठभर फुटाणे.

एक गोष्ट तुम्हांला वाटते की मी पाहिली नाही. मी फाटकाशी येताना दिसलो की तुम्ही तुमची चंची, ती चुना-तंबाखूची पिशवी, मांडीखाली सरकवत होता. काट्यावरचे हमाल मला प्रेमाने मळलेली तंबाखू पुढे करत, "सिगारेट नको तर हे घ्या, धूर न्हाई काही न्हाई," असे म्हणत. आपल्याकडे धुरापेक्षा चुना-तंबाखूच अधिक घरांत शिरलेली असल्यामुळे तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. निकोटीन त्यातही आहेच, आणि मी ती घेतली असती तर एका खुंट्यावरून सुटून दुसऱ्या खुंट्याला बांधला गेलो असतो. तुम्ही मात्र माझ्यासमोर चंची एकदाही सोडली नाहीत. त्या चंचीविषयी या पत्रात बोलायचे नाही असे मी ठरवले होते, पण तुमच्याकडूनच शिकल्यामुळे एवढेच लिहितो की वर दिलेला क्रमांक तंबाखूसाठीही चालतो, आणि तुमच्या नातीला तो लावता येतो.

आता येळवसीची, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या वेळ अमावस्येच्या सणाची, गोष्ट. औशाकडे सासुरवाडीच्या शेतात भज्जी, उंडे आणि आंबील असे पोटभर जेवण झाले, ज्वारीच्या सावलीत माणसे आडवी झाली, आणि मेहुण्याने पाकीट पुढे केले. तिथे फाटक नव्हते, वही नव्हती, पेन शोधणारे कोणी नव्हते. मी सिगारेट घेतली. चार झुरके मारले, डोके गरगरले, आणि उरलेले थोटूक ढेकळाखाली दाबले. सोडल्याला अडीच महिने होत आले होते. परतीच्या बसमध्ये, आता सुटलेच आहे तर मानवतला उतरून पाकीटच घ्यावे, असा विचार लातूरपासून परळीपर्यंत माझ्यासोबत बसून होता. खरा धोका त्या चार झुरक्यांत नव्हता, या विचारात होता.

दुसऱ्या दिवशी तुम्हांला सारे सांगितले. तुम्ही वही उघडलीत, त्या तारखेवर बोट ठेवलेत आणि म्हणालात, "इथं तुमची रजा लावलेली हाय. रजेत काय केलं ते आपल्या वहीत नसतंय." एवढे बोलून तुम्ही दुसऱ्या गाडीकडे वळलात. तुम्ही हळहळला असता तर मला लाज वाटली असती, आणि लाज वाटली की मी पूर्वी सिगारेटच पेटवत असे.

पुढे तलफ विरळ झाली, गेली मात्र नाही. शरीरातले निकोटीन केव्हाच निघून गेले तरी जागा, वास आणि वेळा यांची आठवण मागे राहते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, मातीचा वास सुटला आणि माझा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला. हंगाम केव्हाच संपलेला, तुम्ही गावी गेलेले, फाटकावर कोणी नाही. मी कार्यालयातली कोरी वही घेतली आणि तारीख, माझे पूर्ण नाव, वेळ, असे शक्य तितके सावकाश लिहीत गेलो. कारणाच्या रकान्यात "पाऊस" असे लिहिले. अशा नोंदी त्या वहीत आता सतरा झाल्या आहेत.

तुमच्या जागी यंदा नवा पहारेकरी आला आहे. मुलगा चपळ आहे, नोंदी झरझर करतो. त्याला अजून शिकवायचे आहे. परवा डबा रिकामा करताना त्याने निळा लायटर वर काढून हा कोणाचा म्हणून विचारले. मी तो घेतला नाही, तुमचा आहे असे सांगितले. पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी तुमच्या गावी येतो आहे, तेव्हा तो सोबत आणीन. चुलीला उपयोगी पडेल. म्हशीसाठी सरकी पेंडीची दोन पोती मालकांनी तुमच्या नावे काढून ठेवली आहेत. तिसरे हवे असल्यास नातीकरवी निरोप द्यावा, म्हणजे त्याच टेम्पोत घालतो.

आपला,
काट्यावरचा मुनीम