बाबांच्या जागरणाविषयी

पुणे, ८ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात घरी आले होते, तेव्हा रात्री अडीच वाजता सोप्यात दिवा दिसला. बाबा, तुम्ही मोबाईलवर कोल्हापुरातल्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत होता. वास्तविक एखादा वळीव सोडला तर पावसाचा पत्ता नव्हता. सोप्याच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची पेन्सिलची रेघ अजून तशीच आहे, आणि आईने दिनदर्शिकेवर टिपलेले उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे वर्षभर चढत गेले आहेत. त्या रेघेचा आणि या आकड्यांचा काही संबंध असावा असे मला वाटते, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

शाहूपुरीत पाणी शिरल्याची हाक आली तेव्हा तुमच्या छातीत धडधडले, आणि या वयात तुम्ही गहू-तांदळाचे डबे एकट्याने माळ्यावर चढवलेत. ते बळ काही क्षणांत सुटलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनचे होते. त्याच्या मागोमाग मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि पिट्युटरी मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींना संदेश देते; त्यातून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते, यकृत रक्तात साखर सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. पळायचे किंवा ओझे उचलायचे असेल तर ही साखर कामी येते. खुर्चीत बसून आकडे पाहणाऱ्याच्या मात्र ती रक्तातच राहते.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तुम्हीच मला लहानपणी दाखवले होते. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कॉर्टिसॉलचेही तसेच आहे: ते पुरेसे झाले की मेंदूला जाणवते आणि स्राव थांबवला जातो. ही जाणीव ठेवणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस, आणि नव्या आठवणी साठवण्याचे कामही त्याचेच आहे. ब्रूस मॅकइवेन या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकांना पकडून ठेवणाऱ्या जागा असल्याचे दाखवले, तेव्हापासून ताणाचा विचार मेंदूच्या अंगानेही होऊ लागला. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर ज्याने दरवाजा मिटायचा तोच भाग दुबळा होतो. चष्मा कुठे ठेवला हे तुम्हाला आठवत नाही, याचे सगळे खापर वयावर फोडू नये असे मी म्हणते ते यासाठीच.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी अकरावीच्या वर्गाला नेहमी सांगते. उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डलामध्ये मात्र त्या वाढल्या. पुढे २१ दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डलातील वाढ तशीच राहिली. उंदीर आणि माणूस एक नव्हेत, हे मान्य. तरीही पाणी ओसरून इतकी वर्षे झाल्यावर साध्या ढगाच्या गडगडाटाने तुम्ही दचकून उठता, ते तुमच्या भित्रेपणामुळे नव्हे, हे मला या प्रयोगामुळे पटले. आई, तूही त्यांना "उगाच घोर करता" असे म्हणू नयेस, ही विनंती.

कॉर्टिसॉल निरोगी माणसात मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटे चढू लागते. रोजच्या जागरणाने ही लय बिघडते आणि साखर आवरणे आणखी अवघड होते. गोळ्यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका; त्यांना जागरणाचे तेवढे जरूर सांगा, कारण मागच्या खेपेस तुम्ही ते लपवलेत.

एक मागणे आहे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तुम्हाला पाठ आहेच. यंदा रात्री अकरा ते पहाटे पाच पातळी पाहण्याचे काम माझ्याकडे द्या. पाणी ३७ फुटांवर गेले की मी आईच्या फोनवर घंटी देईन, मग तुम्ही खुशाल डबे वर चढवा. त्याआधी तुमचा मोबाईल रात्री देवघरात राहील, आणि त्याची किल्ली आईकडे.

तुमची लेक